शुभहस्ते, पण तपकिरी

आमच्या कॉलनीतल्या हस्तकला प्रदर्शनाचे उद्घाटन माझ्या शुभहस्ते झाले, तेव्हा ते हात कोपरापर्यंत तपकिरी होते.

प्रमुख पाहुणे या जमातीला मी आयुष्यभर हसत आलो. त्यामुळे मलाच बोलावणे आले तेव्हा (दोन मिनिटे आढेवेढे घेऊन) लगेच होकार दिला. ‘हातांची किमया’ असे भाषणही लिहिले. प्रदर्शनात माझ्या बायकोचे, सुनंदाचे, लाकडी घर होते. घर उशीएवढे, पण एकेक खिडकी उघडमीट व्हायची! द्राक्षांच्या पेटीच्या फळ्या कापून तिने छपरासाठी नखाएवढी लाकडी कौले केली होती. ती तेवढी रंगवायची राहिली होती.

“मी रंगवतो,” प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी म्हणालो.

“अहो, हातमोजे घाला. कापडाचा रंग आहे, पक्का.”

“बरणीत घालून हलवायची, त्याला कसले हातमोजे?”

“मग झाकण तरी घट्ट लावा.”

माझ्या मते झाकण घट्ट होते. झाकणाचे मत वेगळे निघाले! ओट्यावर रंगाचा पूर आला आणि त्यात वाहून चाललेली कौले मी दोन्ही हातांनी वाचवली. सुनंदा धावत आली. तिने आधी एक कौल उजेडात धरले.

“सुरेख बसलाय हो रंग!” मग माझ्याकडे पाहिले. “तुमच्यावरही.”

साबण झाला, लिंबू झाले, टूथपेस्ट झाली. शेजारच्या पगारवहिनी म्हणाल्या, “भाऊ, तेल अन् साखर चोळा. आमच्या सटाण्याला डाळिंबाचे डाग असेच काढतात.” चोळले. आता हातांना फक्त फोडणी द्यायची राहिली होती! तिकडे सुनंदा चिमट्याने एकेक कौल बसवत होती. फिकट, गडद, पुन्हा फिकट. संध्याकाळपर्यंत ते छप्पर शंभर पावसाळे पाहिल्यासारखे दिसू लागले. तिची बोटे मात्र स्वच्छ!

मी फीत कापली. ती पांढरी होती, त्यामुळे हात आणखीच उठून दिसले. भाषण कोणी ऐकले नाही, कारण सगळी गर्दी सुनंदाच्या घराभोवती. (गर्दीचे बरोबरच होते. मीही भाषण आवरते घेऊन तिकडेच गेलो.)

“वहिनी, हा रंग धुतला तर जाईल का हो?” एका बाईंनी विचारले.

“नाही जात,” सुनंदाने शांतपणे माझे मनगट धरून पुढे केले. “सकाळपासून धुताहेत.”

प्रत्येक वस्तूपुढे पाटी होती : ‘कृपया हात लावू नये’. ती सगळ्यांनी कसोशीने पाळली. हात लावून पाहिला तो फक्त प्रमुख पाहुण्यांना!