क्रीटमधलं एक गाव, संध्याकाळचा बाजार आणि नावांचे दोन कागद

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जायचं ठरलं ते डब्लिनजवळच्या लिक्सलिपमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, २०२१च्या जुलैत, फार तर पाच मिनिटांत. लशीची सर्टिफिकेटं मोबाइलवर आली होती, आयर्लंडबाहेर फिरायला जाण्यावरची बंदी उठली होती आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, डब्लिनहून क्रीटमधल्या हानियाला जाणारं थेट विमान सापडलं होतं. "ऑगस्टमध्ये आठवडाभर. काढू तिकिटं?" त्याने विचारलं. मी भांडी लावत होते. "काढ," म्हटलं.

त्या एप्रिलमध्ये नागपूरला माझे बाबा गेले होते. कोविडने. तेव्हा मी भारतात गेले असते तर परत कधी येता येईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. मी गेले नाही. दादाने सगळं केलं, मी मोबाइलवर पाहिलं आणि दोन दिवसांनी कारखान्यात शिफ्टला हजर झाले. आम्ही तिथे कॉम्प्युटरच्या चिप बनवतो. नखशिखान्त पांढऱ्या सूटमध्ये असतो, त्यामुळे कोणाचा चेहरा कोणाला दिसत नाही. ते मला सोयीचं पडलं. आईशी रोज फोन व्हायचा, पण जेवण, औषधं, हवा यापलीकडे नाही. बाबांचा विषय आम्ही दोघीही काढत नव्हतो; एकीला रडू आलं की फोन ठेवून द्यायचो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगते. आमच्याकडे आयरिश पासपोर्ट आहेत. भारतीय पासपोर्ट असेल तर आयर्लंडमध्ये राहत असूनही शेंगेन व्हिसा लागतो आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं. दुसरं म्हणजे ग्रीसचा प्रवासी फॉर्म आदल्या दिवसापर्यंत भरावा लागे. आमच्या पुढचं जोडपं तो न भरता आलं होतं आणि चेक-इनच्या काउंटरवर घाम पुसत टाइप करत होतं.

हानियाला विमानाचं दार उघडलं आणि नऊ वर्षांची मीरा म्हणाली, "आई, इट्स लाइक अॅन अव्हन." मला मात्र नागपूरचा मे आठवला आणि बरं वाटलं. गाडी आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. इथे गाडी उजवीकडून चालवतात, आणि मागचा घाईत असला की आपण कडेच्या पट्ट्यात सरकून त्याला वाट द्यायची असते. हे निखिलला तिसऱ्या हॉर्ननंतर कळलं.

आम्ही हॉटेल टाळलं होतं. पश्चिमेच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात, ऑलिव्हच्या बागांमध्ये, एरीनी नावाच्या बाईंच्या घराचा वरचा मजला घेतला होता. साठीच्या, काळे कपडे, आवाज खणखणीत. इंग्रजी तोडकं, पण बोलायची हौस दांडगी. पहिल्याच सकाळी त्या टोमॅटो, अंजिरं आणि बार्लीचे कडक टोस्ट घेऊन वर आल्या. टोस्ट पाण्यात बुडवून वर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल घालायचं. आम्ही आठवडाभर न्याहारीला हेच खाल्लं.

दुपारी इथे काही करू नका. गाव झोपतं, तुम्हीही झोपा. संध्याकाळी सातनंतर किनाऱ्यावरच्या गावात बाजार भरायचा, गाडीने वीस मिनिटांवर. समुद्रालगतच्या रस्त्यावर टेबलं मांडलेली. थाइम नावाच्या रानझुडपाच्या फुलांचा मध, ऑलिव्हच्या लाकडाचे चमचे, वाळवलेली पानं, घरचे साबण. विकणाऱ्यांचे मास्क हनुवटीवर. गिऱ्हाईक जवळ आलं की ते वर जायचे. मधवाल्याने मीराला चार बरण्यांतला मध चाखवला आणि विचारलं, "कुठला आवडला?"

"दे आर ऑल ग्रँड," ती म्हणाली.

"आयर्लंड!" तो लगेच ओरडला. डब्लिनहून दर उन्हाळ्यात येणारी एक बाई त्याला आयरिश लोकांचा हाच 'ग्रँड', म्हणजे 'छान', ऐकवायची म्हणे. "दोन वर्षं कोणी आलं नाही. मधमाश्या काम करतच राहिल्या." त्याने आम्हाला हव्या त्यापेक्षा मोठी बरणी दिली आणि पैसे लहान बरणीचे घेतले.

मी हे सगळं पाहत होते, फोटो काढत होते. छान होतं. पण सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटत होतं आणि एप्रिलपासून मला सगळंच तसं वाटत होतं.

सहाव्या दिवशी गावच्या चर्चचा सण होता. त्या दुपारी न झोपता बायका चर्चच्या ओट्यावर पाव मांडत होत्या, गोड आणि दालचिनीच्या वासाचे. एरीनी खालून हाक मारत वर आल्या. हातात वहीचा फाडलेला कागद आणि पेन.

"संध्याकाळी पाद्री पावाला आशीर्वाद देतात. मग नावं वाचतात. माझ्या घरात राहता, तुमची नावं माझ्या कागदावर. सांगा."

निखिलने आमची तिघांची सांगितली, त्याच्या आई-वडिलांची सांगितली. त्या एकेक नाव ऐकून ग्रीक अक्षरांत लिहीत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुमन. शशिकांत." आई-बाबांची नावं फॉर्मवर लिहावीत तशी तोंडातून गेली.

"बरे आहेत ना दोघं? कुठे असतात?"

निखिलने हळू आवाजात सांगितलं, "हिचे वडील एप्रिलमध्ये गेले."

एरीनींनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "हा कागद जिवंत माणसांचा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तब्येतीसाठी. गेलेल्यांचा कागद वेगळा. तो उद्या सकाळी वाचतात." मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "इथून तू खोड. तिथे मी लिहिते."

मी ग्रीक लिपीतल्या त्या नावावर रेघ मारली. एकदा मारली ती नीट लागली नाही, पुन्हा मारली. त्या दुसरा कागद घेऊन आल्या. त्यावर पहिलं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं, मग आणखी सात-आठ. सगळ्यात खाली त्यांनी बाबांना लिहिलं.

"पण आम्ही ख्रिश्चन नाही," मी म्हटलं.

"पाद्री माझा मावसभाऊ आहे," त्या म्हणाल्या. विषय संपला.

संध्याकाळी चर्चच्या अंगणात टेबलं लांबलांब ठेवली होती. उकडलेलं बोकडाचं मटण आणि त्याच्याच रश्श्यात शिजवलेला भात. शाकाहारी असाल तर भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांवर पोट भरतं. संगीत होतं, पण त्या वर्षी नाचायला मनाई होती. शेजारचे म्हातारेबुवा टेबलाखाली पायांनी सगळा नाच नाचत होते. मीरा त्यांच्याकडे बघून त्याच ठेक्यावर पाय मारू लागली. "धिस इज सम क्रेक," ती म्हणाली. क्रेक म्हणजे आयरिश बोलीत धमाल; म्हातारेबुवांना शब्द कळला नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं विमान होतं. सकाळी निखिलने बॅगा गाडीत टाकल्या, मी एरीनींबरोबर चर्चमध्ये गेले. प्रार्थना लांबली. मी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी पाद्री कागद वाचू लागले, सगळी नावं एका सुरात, न थांबता. कोस्तास, मारिया, योर्गोस. मग ते अडखळले. कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं, "ससिकांद."

कोणी वळून पाहिलं नाही. पुढचं नाव आलं. एरीनींनी माझा दंड धरला आणि सगळं संपेपर्यंत सोडला नाही. मी रडले, चांगली दहा मिनिटं, अनोळखी बायकांच्या मध्ये उभी राहून. एकीने रुमाल दिला. विमान मिळालं, पण धावत.

लिक्सलिपला पोचलो तेव्हा पाऊस आणि चौदा अंश. त्या उन्हातून आल्यावर मीराला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी भारतातल्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, "आई, थांब. बाबांचं सांगायचंय." आणि सगळं सांगितलं, दोन्ही कागद, खोडलेलं नाव, चर्च.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कसं म्हटलं त्यानं नाव?"

"ससिकांद."

"ससिकांद?" आणि आई हसली. "अगं, चाळीस वर्षं शाळेत पोरांचे उच्चार सुधारले त्यांनी. तिथंच उठून उभे राहिले असते. बाळा, श शहामृगातला!" बाबांच्या आवाजाची नक्कल तिने इतकी हुबेहूब केली की मीही हसले. मग ती रडायला लागली. या वेळी मी फोन ठेवला नाही, तिनेही नाही.

क्रीट सुंदर आहे. आठवडा पुरतो, गाडी हवीच आणि जमलं तर गावात एखाद्याच्या घरी राहा. माझ्यापुरतं विचाराल तर आता आई रोज बाबांचं काहीतरी सांगते. काल त्यांनी पहिली सायकल कशी विकत घेतली ते सांगत होती. मला हे माहीत नव्हतं.