अंगणातली पालखी आणि अडकलेलं अपग्रेड

धुळवडीला मुंबईचं ऑफिस बंद असतं, म्हणून साहेबांनी सर्व्हरच्या अपग्रेडसाठी नेमका तोच दिवस शोधला. माणगावजवळच्या आमच्या गावात त्याच दिवशी ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, हे मी त्यांना सांगितलं होतं. प्रत्येक घरातल्या एका पुरुषाने आपल्या अंगणात ती खांद्यावर घेऊन नाचवायची असते. वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे यंदा खांदा माझा होता. साहेब म्हणाले, बसल्या जागेवरचं तर काम, घरूनच कर. सुट्टी त्यांची, सण आमचा, आणि होयबा मी.

दुपारी लिनक्सची नवी पॅकेजं सर्व्हरवर चढायला लागली आणि लाईट गेली. गेली कसली, घालवली. पालखीपुढचं उंच निशाण आळीतल्या लोंबत्या तारांना लागू नये म्हणून वायरमन दरवर्षी लाईट बंद करतो. वायफाय मेलं, सर्व्हरशी जोडलेलं कनेक्शन तुटलं. मोबाईलच्या नेटवर रडतखडत पुन्हा आत शिरलो, तर सर्व्हर म्हणे, दुसरं कुणीतरी अपग्रेड करतंय, थांबा. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मीच. तुटलेल्या कनेक्शनमागे माझंच अपग्रेड एक प्रश्न विचारून बसलं होतं, जुनी सेटिंग ठेवू की नवी घेऊ? आणि त्याला उत्तर द्यायची सोय आता उरली नव्हती.

अंगणात ढोल वाजू लागला. मला हाका आल्या. आलो, आलो म्हणत मी ती अडकलेली प्रोसेस शोधून मारली आणि अर्धवट राहिलेली पॅकेजं पुन्हा बसवायला घेतली. डेटाबेस मात्र उठेना. वर साहेबांचे मेसेज चालूच होते, झालं का? खड्ड्यात गेला तुमचा सर्व्हर, असं लिहावंसं वाटत होतं. लिहिलं, होतच आलंय सर. पोटासाठी माणूस किती गोड बोलतो याची किळस आली.

शेवटी एका फाइलमध्ये जुनी सेटिंग परत टाकली आणि डेटाबेस उठला. साहेबांना कळवलं. त्यांचा अंगठा आला, खाली हॅपी होळी. तेवढ्यात बाहेरचा ढोल वाजता वाजता थांबला.

धावत गेलो तर पालखी शेजारच्या अंगणाकडे निघालेली. वडील पडवीच्या पायरीवर बसलेले, खांद्यावर गुलाल, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. आई म्हणाली, लोक किती वेळ थांबणार, शेवटी हेच उठले. नाचवताना गुडघा मुडपला. पालखी भावकीतल्यांनी सावरली म्हणून, नाहीतर देवी जमिनीवर आली असती.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"झालं का तुजं काम?"

रागाने नाही, खरंच काळजीने विचारलं त्यांनी. साहेबांना मी लगेच हो कळवलं होतं. वडिलांना हो म्हणायची लाज वाटली.