तात्यांचे बॉर्डरचे पट्टे

तात्या सोनटक्के सीटबेल्टचं बक्कल कानाला लावून तपासायचे. डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे आणि खट्‌कन बक्कल बसवायचे. त्या एका 'खट्'मध्ये त्यांना जे ऐकू यायचं, ते भल्याभल्या गवयांना तानपुऱ्यातही ऐकू आलं नसेल.

औरंगपुऱ्यात त्यांचं सीटकव्हरचं दुकान माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाला खेटून होतं. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे तात्या शिंकले की इकडे माझ्या कंपासपेट्या आपोआप उघडत. तात्यांच्या जिभेला तर चामडं कापायच्या रापीची धार. एक रिक्षावाला रडत आला, "तात्या, दोन महिन्यांत कव्हर फाटलं हो." तात्या मान वर न करता म्हणाले, "कव्हर फाटलं नाय बाबा, तुझ्या सासूला बसवत जाऊ नको." त्या माणसानं नवं कव्हर घातलं, वर सासूला पायी धाडलं. मऊ असायचे ते फक्त नातीशी, तनूशी. तिच्यासाठी सीताफळातली एकूणएक बी काढून गर वाटीत ठेवायचे. दुसऱ्या कुणाचं पोर दुकानात आलं, की सुई दाखवायचे.

शाळांच्या सहली परराज्यात निघाल्या, की सीमेवर आरटीओचे साहेब बस थांबवून पोरांचे पट्टे तपासू लागले, आणि तात्यांचं नशीब फळफळलं. जुन्या खटारा बसना पट्टे लावून घ्यायला रांग लागली, थेट अजिंठ्यापर्यंत. "साहेब कानानं तपासतो," तात्या मला डोळा मारून सांगायचे. "चाळीस पोरांनी एकदम खट् केलं, की गाडी पास! हात लावून बघायला कुणाला येळ हाय?" मला वाटायचं, कारागीर आपल्या कामाची फुशारकी मारतोय. खरं काय ते मला फार उशिरा कळलं: पट्टा बसच्या लोखंडाला बोल्टनं आवळायचा असतो; तात्या तो नुसता रेक्झिनला टाचत. खाली फोम, वर चार टाके. बक्कल मात्र असलं अस्सल, की एकदा बसलं की सुटता सुटत नसे.

यंदा आमच्या पोरींच्या शाळेची सहल हैदराबादला निघाली. माझी वैष्णवी आणि तनू शेजारीशेजारी बसल्या. सकाळी फाटकाशी आईबापांची जत्रा. तात्या डुलत डुलत डबा द्यायला आले आणि खिडकीतून त्यांनी सीट पाहिली. पोपटी रेक्झिन, दुहेरी शिवण. त्यांचंच काम. तात्यांचा चेहरा असा उतरला, की मिशीसुद्धा लोंबकळली.

डबा टाकून ते बसमध्ये घुसले. "तनू, ऊठ. उतर खाली."

"का हो आजोबा?"

"पोटात दुखतंय तुझ्या."

"माझ्या? नाय दुखत!"

"म्या सांगतो ना, लई दुखतंय!"

बाई आडव्या आल्या, त्यांना बाजूला सारलं. बक्कल काही सुटेना. तेव्हा तात्यांनी तनूला काखेत धरून जोरात उपसलं. कर्रर्र! नात आली, पट्टा आला, आणि पट्ट्याच्या टोकांना रेक्झिन, फोमचे लचके. कमरेला पट्टा तसाच आवळलेला, अशी ती सगळ्या आईबापांसमोर खाली उतरली.

तनूनं आधी त्या फोमकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे.

"आजोबा, वैष्णवीचा पण पट्टा असाच हाय?"

"असू दे. ती काय आपली हाय?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वैष्णवी खिडकीत होती. तिनं आपल्या पट्ट्याला ओढ दिली; तो मुळ्यासारखा उपटून हातात आला. मग पुढच्या पोरानं ओढला, मागच्या पोरीनं ओढला. बसभर कर्रर्र कर्रर्र, खिडक्यांतून फोम उडतोय, खाली आया किंचाळतायत, मी दाराकडे धावतोय. आणि त्या कालव्यात तात्या कळवळून ओरडत होते, "ए कार्ट्यांनो, ओढू नका रे! टाके उसवतात!"

मग त्यांनी तनूकडे हात केला. "चल, घरी चल."

तनूनं तो हात पाहिला. कमरेचा पट्टा फरफटत ती वळली, बसची पायरी चढली आणि वैष्णवीशेजारी जाऊन बसली.