आतली कडी

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एकोडीला आमच्या धानाच्या बांधीवर रोवणीवाल्या बायांना चहा देऊन राहिले होते. वसतिगृहातच छातीत कळ आली, लाखनीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी चिखलातच बसले. रडू नंतर आलं... आधी राग आला. संस्थेशी मांडलेलं इतकं भांडण अर्धवट टाकून जाते का कोणी?

डी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, ती मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत. पुढे तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका झाली. खुणांची भाषा ती पोरींकडूनच शिकली, आणि मग माझ्याशी बोलतानाही तिचे हात थांबायचे नाहीत. एवढी बडबडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या वसतिगृहात एकदा एक मुलगी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हाका मारून उपयोग नव्हता, दार फोडावं लागलं. झालं! संस्थेनं साऱ्या न्हाणीघरांच्या आतल्या कड्याच काढून टाकल्या. म्हणे, सुरक्षेसाठी. पोरीला बाहेरची चाहूल लागत नाही आणि दाराला कडी नाही, याचा अर्थ कळायला काय फार शिकावं लागतं?

त्यातलीच एक पोरगी, मीना, आंघोळ करीनाशी झाली, तेव्हा बाकीच्या बाया तिला गबाळी म्हणून रागावल्या. कुंदानं तिला जवळ बसवून विचारलं. पाण्याचा पंप पाहणारा माणूस दार ढकलून आत येतो, हे पोरीनं हातांनी स्वच्छ सांगितलं. कुंदा तडक सचिवांकडे गेली. ते म्हणाले, गैरसमज असेल, मुलीला नीट सांगता येत नाही. त्यावर कुंदा जे बोलली ते तिनं मला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं, "तिले बराबर सांगता येते सायेब, तुमाले समजत नाही."

ती मीनाच्या आईला घेऊन ठाण्यात गेली, खुणा जाणणारी शिक्षिका सोबत नेली. तेव्हा कुठे तो माणूस पकडला गेला. आणि संस्थेनं काय केलं? कंपाउंडची भिंत उंच केली, फाटकावर कॅमेरा लावला! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माणूस काय भिंत चढून आला होता? पगारावर होता तो तुमच्या.

शेवटी कुंदानंच लाखनीहून कड्या आणल्या, सुतार लावून बसवल्या. आत बल्ब, त्याचं बटण बाहेर. बाहेरून बल्ब लुकलुकवायचा, आतल्या पोरीनं दार वाजवायचं. वाजलं नाही तरच दार तोडायचं. इतकं सोपं होतं. विनापरवानगी बदल केला म्हणून तिला मेमो मिळाला. "पहिले मले काढा, मंग कड्या काढा," एवढंच ती म्हणाली. ती होती तोवर कोणी हात लावला नाही.

शोकसभेला मी गेले. सचिवांनी तिला मातृहृदयी म्हटलं, तिच्या नावानं वॉटर कूलर जाहीर केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून विचारलं, कड्या आहेत ना जागेवर? ते म्हणाले, बाई, तो विषय नंतर बोलू... मी नंतरची वाट पाहिली नाही, तशीच वसतिगृहाच्या मागच्या अंगाला, न्हाणीघरांकडे गेले.

कड्या नव्हत्या. दारांवर स्क्रूची भोकं तेवढी होती. एका दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून मीना उभी होती. आत कोणी लहान पोर आंघोळ करत होती. कड्या बसायच्या आधी रोज सकाळी कुंदा अशीच उभी राहायची. ज्या पोरीवर वेळ आली, तिनंच आता पहारा द्यायचा, आणि आपण भाषणं ठोकायची. लाज कशी वाटत नाही?

सचिव माझ्या मागोमाग आले होते. तिला बाजूला व्हायची खूण त्यांनी केली. मीनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं, आणि पाठीनं दार आणखी घट्ट दाबून धरलं.