आवाज गेल्याच्या तक्रारी

मार्लीस ऑस्टगार्ड माझ्या शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसली. अमेरिकेच्या पश्चिमेला, याकिमातल्या आमच्या केबलच्या ऑफिसात आम्ही दोघी फोन घ्यायचो. कुस्तीचा खास कार्यक्रम घरी बघायचा असला की लोक आम्हाला फोन करत, आम्ही नाव-पत्ता उतरवून त्यांच्या घरचं चॅनेल उघडून द्यायचो. वर बिलात तीस डॉलर. तीस डॉलरमध्ये चार माणसं पोटभर जेवली असती, पण मला विचारतो कोण.

मार्लीस फोनवर साखर पेरायची आणि फोन ठेवला की त्याच माणसाला शिव्या हासडायची. म्हणून तर माझं तिच्याशी जमलं. तिचा नवरा डेल त्याच कार्यक्रमात कुस्त्या खेळायचा. कुणी म्हणालं, सगळी नाटकं असतात हो, तर ती सांगायची, निकाल खोटा असतो, पण खाली पडणं खोटं कसं असणार?

शहाण्णवच्या उन्हाळ्यात डेल एकेचाळीस वर्षांचा होता. दोन महिने त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर होती. मानेचा मणका सरकलाय, आता बस करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कुस्तीच्या कंपनीने बजावलं होतं की मागचे दोन्ही कार्यक्रम पडले, जुलैचाही खपला नाही तर करार संपला. मग या शहाण्याने स्वतःच सुचवलं: लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून, पंधरा फुटांवरून, खाली टेबलावर पडतो. तीन आठवडे टीव्हीवर ओरडून ओरडून त्याने ते लोकांना सांगितलं. मार्लीस भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरून बसली. तो म्हणाला, एवढंच गं, मग सोडतो.

"फोन आला की वाटतं, मीच त्याला वरून ढकलतेय," ती मला म्हणाली. "आणि नाही आला तर तो घरी बसून झुरून मरेल. सांग ना आयरीन, मी मागू तरी काय?"



तो रविवार. कार्यक्रम तिकडे पूर्वेच्या स्टेडियमात संध्याकाळी सातला, म्हणजे आमच्याकडे चारला सुरू. दुपारपासून फोनला उसंत नव्हती. दोनशे साठच्या वर नावं झाली. मार्लीसने एकही पत्ता चुकीचा लिहिला नाही. आमच्या खोलीत टीव्ही नव्हता. बायका बघत बसतात म्हणून साहेबाने तो उचलून नेला होता. डेलने तिला सांगून ठेवलं होतं, तुमच्या सव्वासहापर्यंत सगळं आटपेल, मग बूटही न काढता ऑफिसच्याच नंबरावर फोन करतो.

सहाला फोन थंडावले. खिडकीतून ऊन सरळ तोंडावर येत होतं, पण पडदा ओढायला कुणी उठलं नाही. मार्लीस घड्याळाकडे बघत बसली होती. 

सहा वाजून अठरा मिनिटांनी सहाच्या सहा लाइनी एकदम पेटल्या.

माझ्या फोनवरचा माणूस वैतागला होता. आवाज गेलाय म्हणे, तीस डॉलर काय मुकं चित्र बघायला भरले? दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. मार्लीसच्या कानातही तेच येत होतं, आणि बाईचा चेहरा चक्क उजळला. आमच्यातच बिघाड होता तर. टीव्हीवरचा केबलचा डबा बंद करून पुन्हा चालू करा, असं ती सगळ्यांना हसून सांगायला लागली. मी यंत्रांच्या खोलीत रुडी गार्झाला फोन लावला. मलाही हायसं वाटलं. आवाज काय, दुरुस्त होतो.

रुडीने आलोच म्हणून फोन ठेवला. तो स्वतः आला आणि दारातच उभा राहिला.

"आपल्याकडे बिघाड नाहीये," तो म्हणाला. "आवाज येतोय. नीट ऐकलं तर कुणी तरी खोकल्याचंही ऐकू येतं. तिथे कुणी बोलतच नाहीये. अख्खं स्टेडियम गप्प आहे."

 मी तिकडे स्टेडियमला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलेना.

मग इकडे घंटा वाजली. मार्लीसने झडप घालून फोन उचलला. माणूस विचारत होता, मंगळवारी हाच कार्यक्रम पुन्हा दाखवणार ना? मेव्हण्याने सांगितलं, काय पडलाय म्हणे तो, बघायलाच हवं. मार्लीसने त्याचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. थॅंक्यू म्हणाली.

लगेच दुसरा. मग तिसरा. मी म्हटलं, तू ऊठ, मी बघते. ती उठेना. "तो याच नंबरावर करील." फोन वाजत ठेवायची सोय नव्हती, कारण तो कदाचित डेलचा असायचा, आणि उचलला की मंगळवारचं गिऱ्हाईक. मी जमतील तेवढे माझ्याकडे ओढले. एकाला तर तोंडावर म्हटलं, लाज वाटत नाही का रे? तक्रार करीन म्हणाला. कर म्हटलं. दीड तास हे चाललं. दर घंटेला तिचे खांदे वर जायचे आणि दर वेळी ती पत्ता लिहायची.

पावणेआठला तिने फोन कानाला लावला आणि पेन खाली ठेवलं. मी बटण दाबून मध्ये ऐकलं. चोरून ऐकलं, हो.

"मार्लीस, मी."

"डेल. कसा आहेस?"

"दवाखान्यात आहे. बरा आहे मी." मग कुणाला तरी म्हणाला, "सिस्टर, फोन जरा वर धरता का? ऐकू येत नाही."

"फोन तिने का धरलाय?" मार्लीसने विचारलं. "डेल, फोन तिने का धरलाय?"



"कार्यक्रम किती जणांनी घेतला गं?" तो म्हणाला.

मार्लीसने समोरच्या कागदावर हात ठेवला. बाकीच्या पाचही लाइनी वाजत होत्या.

"पुष्कळ," ती म्हणाली. "अजून येतायत."