चंद्रम्माचे पाच सामने

कमठाण्याच्या चंद्रम्माला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या हिवाळ्यात बिदरला झालेले पाचही सामने तिनं पाहिले, तेही पोराच्या जेवणापायी.

तिचं माहेर कडगंचीचं. सोळाव्या वर्षी ती शिवशंकरप्पाच्या घरात आली. दोन लेकी झाल्या, त्यांची लग्नंही उरकली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना रेवण झाला. आता तो चौदाचा होता. बिदरच्या सरकारी शाळेत शिकायचा आणि मठात राहायचा. बांधाबांधानं वासरांमागं पळून तयार झालेले त्याचे पाय ड्रिल मास्तर वहीदसाहेबांच्या नजरेत भरले आणि त्यांनी त्याला शाळेच्या संघात घेतलं.

शिवशंकरप्पा भडकला. "कचेरीत लागावा म्हणून उर्दू शिकायला धाडलं, अन् ह्यो दांडकं घिऊन पळायलाय!"

चंद्रम्माची काळजी वेगळीच होती. सामन्याच्या दिवशी मठातली पंगत चुकायची. रेवण बाहेरचं खात नसे. अंघोळ करायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग पहिला घास, ही घरची रीत होती. म्हणून ती पहाटे भाकरी बडवायची, अंबाड्याची भाजी, शेंगाची चटणी आणि पाण्याची घागर गाडीत ठेवायची आणि निंगप्पा गड्याला बैल जुंपायला सांगायची. मैदानाच्या कडेला लिंबाखाली गाडी सोडली की ती पदर ओढून आत बसायची. पहिल्याच सामन्यात एका पोराचा दात पडलेला तिनं पाहिला. घरी मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पाचवा सामना गुलबर्ग्याच्या पोरांशी होता. ती पोरं लॉरीतून आली होती, अंगापिंडानं थोराड. मध्येच रेवण आणि त्यांचा एक गडी एकमेकांवर आदळले, दोघेही मुरमाड मातीत लोळले. चंद्रम्मानं डोळे मिटून घेतले. उघडून पाहते तर रेवण उठून पुन्हा पळत होता. ती हुश्श करून मागं टेकली.

सामना संपला. रेवण घामानं निथळत गाडीकडं आला. "अव्वा, लई तान लागलीय. आंगूळ करतो, मग पूजा."

अंगरखा काढता काढता त्याचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. चेहरा पांढराफटक पडला.

"अव्वा... लिंग न्हाई."

चंद्रम्मानं त्याचा गळा चाचपला, अंगरखा झटकला, धोतराचा सोगा उलगडून पाहिला. लिंग बांधलेलं पांढरं फडकं नव्हतं, दोराही नव्हता. लिंग हरवलं तर सापडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिच्या आज्याच्या वेळी कुणीसं असंच अन्नपाणी सोडून मेलं, हेही तिनं ऐकलं होतं. आणि पुढ्यात हे पोर, ओठ सुकलेलं, घागरीकडं बघायलासुद्धा भिणारं.

"रडायलास कामून? हुडकू," ती म्हणाली.

ज्या माणसासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या वहीदसाहेबांसमोर ती जाऊन उभी राहिली. हात जोडून, मोडक्या दख्खनीत म्हणाली, "मास्तरसाब, बच्चे का लिंग गिरगया. वो मिले बगैर पानी नै पीता वो."

वहीदसाहेबांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली. लॉरीत चढलेली गुलबर्ग्याची पोरंही खाली उतरली. ड्रायव्हर कुरकुरला, पण मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. बावीस पोरं हात-हात अंतरावर एका रांगेत उभी राहिली आणि खाली वाकून, शेंगा वेचाव्यात तसं मैदान वेचत निघाली. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. सगळीकडं लाल मुरूम आणि त्यात लाल खडे. ऊन उतरत चाललं. चंद्रम्मा रांगेमागून चालत होती. शिवशंकरप्पाला काय सांगायचं हेही तिला सुचत नव्हतं. देवा, एवढं दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

"इधर! इधर आओ!"

गुलबर्ग्याचा गोलकीपर ओरडत होता. गोलाच्या मागं, गवताच्या झुबक्याशी तो दोन्ही पाय फाकवून उभा होता आणि कुणालाही जवळ येऊ देत नव्हता. रेवण धावत पोचला तसा तो घाईनं म्हणाला, "मैं हात नै लगाया. तुम्हीच उठाव."

पांढरं फडकं मातीत लोळून लालभडक झालं होतं, म्हणून तर ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. रेवणनं गाठ सोडली. लिंग अखंड होतं. चंद्रम्मा तिथंच मातीत बसली आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू मोकळं झालं. "व्हय, हायच की रं! हायच की!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

रेवणनं अंघोळ केली, पूजा केली आणि मग पाणी प्यायला. घटाघटा, दोन तांबे. त्याच्या घशाची हलती घाटी पाहून तिच्या जिवात जीव आला. शिदोरी सोडून तिनं गोलकीपरला हाक मारली. त्यानं उभ्याउभ्या भाकरी-चटणी खाल्ली आणि लॉरीचा भोंगा वाजला तशी अर्धी हातात घेऊन तो पळाला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी तिनं काहीच लपवलं नाही. शिवशंकरप्पा ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं रेवणला जवळ ओढून त्याच्या गळ्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगाचं विचारायला त्यानं स्वतःच गावच्या गुरुपादय्या स्वामींना बोलावून आणलं. स्वामी हसले. "अंगावर असलं म्हंजे झालं. खेळताना दंडाला आवळून बांध की, बाळा."

"म्हंजे फुडल्या वर्षीबी खेळायचं व्हय?" शिवशंकरप्पा पुटपुटला. पण त्या बोलण्यात राग नव्हता. थोड्या वेळानं त्यानं बायकोला विचारलं, "जिंकलं कोण, ते तरी सांग."

चंद्रम्मा थबकली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"दोन-एकनं हरलो," रेवण आतून म्हणाला, आणि तिला मोठ्यानं हसू आलं.