पडद्यावरची आमची भिंत

३ जानेवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. जालन्याच्या बसस्थानकावर मुंबईची गाडी लागली तेव्हा पप्पांच्या हातात माझी बॅग होती आणि आईच्या हातात डबा. एम.एस्सी. संपवून मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत रंग मोजण्याच्या नोकरीवर निघाले होते. पप्पांनी आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात निव्वळ डोळ्यांनी छटा जुळवल्या. तेच काम मुलगी यंत्राने करणार, याचे त्यांना कौतुक होते आणि थोडा संशयही. "यंत्राला म्हणावं, आधी वाळू दे, मग बघ," एवढेच ते म्हणाले. आई रडली नाही. "डबा परत आणायचा. स्टीलचा आहे," म्हणाली.

अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला तिघी मुलींत एक खोली, मेट्रोचे कार्ड, दुपारी कॅन्टीनचा पुलाव: या आयुष्यात मी अपेक्षेपेक्षा लवकर रुळले. पहिल्याच महिन्यात 'करायले', 'जायले' ही आमच्याकडची रूपे ऑफिसच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवायला शिकले. घरच्या फोनपुरती ती पुन्हा घालत असे. हे परिस्थितीशी जुळवून घेणे आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावर काम करणारी सानिका, जन्मापासून बोरिवलीची, मला एका गाजलेल्या चित्रपटाला घेऊन गेली. दिग्दर्शक परदेशी, विषय भारत, पारितोषिके तीन खंडांतली. माझे मत कोणी मागितलेले नाही, तरी नोंदवून ठेवते. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत सगळे पिवळे आहे. सकाळ पिवळी, दुपार पिवळी, दूधही पिवळे. नायिका महाराष्ट्रातल्या एका वस्तीतली. तिच्या घरी वीज नाही, पुस्तक नाही आणि संवाद ऐकता मराठीही नाही. ती बापाशी हिंदीत बोलते. बाप फक्त म्हशीशी बोलतो. मोर भर दुपारी ओरडतात. दिवाळी आणि रंगपंचमी एकाच आठवड्यात उरकतात. मग एक परदेशी स्वयंसेविका येते, मुलीला अक्षरे शिकवते, मुलगी आभाळाकडे पाहते आणि सारंगी वाजू लागते. हे दिग्दर्शकाचे अज्ञान असते तर मी क्षमा केली असती. अज्ञान दूर करता येते. परंतु त्या माणसाने पाहिले होते, पुरेसे जवळून पाहिले होते, आणि मग जे पाहिले ते काढून टाकले होते. हे मला कसे कळले, ते सांगते.

चाळिसाव्या मिनिटाला नायिका खिडकीशी आली आणि मी खुर्चीत ताठ झाले. खिडकीचा तिसरा गज वाकलेला होता. अकरावीत कप्पीचा प्रयोग करताना तो मी वाकवला होता.

मागच्या वर्षी "सिनेमावाले चार दिवस येऊन गेले," असे आई फोनवर म्हणाली होती. मी अहवालाच्या गडबडीत होते. कोणता सिनेमा, हेही विचारले नाही. आता जालन्याबाहेरच्या वस्तीतले आमचे ते घर माझ्यासमोर वीस फूट रुंद पसरले होते. माझे पुस्तकांचे कपाट नव्हते. फ्रिज नव्हता. ज्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर असते, जिच्यामुळे आमच्या घरात पहिले पुस्तक आले, तिथे आठ हातांच्या देवीचे कॅलेंडर लटकत होते. भिंत पप्पांनी स्वतः मिसळलेल्या फिकट निळ्या रंगाची आहे. कॅमेऱ्यावरची पिवळी गाळणी सर्वांत आधी निळा प्रकाश खाते, हा प्रकाशशास्त्रातला प्राथमिक नियम. पडद्यावर ती भिंत शेवाळली होती.

दिवे लागले. बाहेर आल्यावर सानिका डोळे पुसत म्हणाली, "कसला रिअल आहे ना, यार! वाटच लागली माझी. तू तिकडचीच ना गं? खरंच असं असतं?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "आम्ही शहरात राहायचो."

रविवारी सकाळी आईचा फोन आला. सिनेमा पाहिल्याचे मी कळवले होते.

"काय करायलीस?"

"कपडे धुवायले."

"कसं दिसलं गं घर? दोन दिवस घासत होते मी. तर ते आले अन् म्हणले, मॅडम, भिंत फार स्वच्छ आहे! चहाचं पाणी मारलं गं पंपानं. मी म्हणलं, अरे बाबांनो, हे आधी सांगितलं असतं तर माझे गुडघे तरी वाचले असते."

"अन् तसबीर?"

"ती म्हणे बाहेरच्या लोकांना कळत नाही. तुझ्या पप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः काढली, चार दिवस शेजारी मावशीकडं नेऊन ठेवली, अन् रोज जाऊन पुसून यायचे." मग तिने विचारले, "सांगितलंस ना मैत्रिणीला, हे माझं घर म्हणून?"

"आई, आवाज कटायलाय."

आवाज स्वच्छ येत होता. तो तिच्याकडेही स्वच्छ जात असणार, कारण तिने 'हॅलो, हॅलो' केले नाही. फोन पप्पांकडे दिला.

"भिंतीची शेड काय आली?" त्यांनी विचारले. पटकथा, पारितोषिके, काही नाही. शेड.

"पिवळट. शेवाळल्यासारखी."

"माझी शेड शेवाळत नाही," पप्पा म्हणाले. "फोटोवर जाऊ नको. रंगाचं कार्ड पाठवतो."

जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे मुंबईला निघून आलात, त्या सर्वांना उद्देशून हे लिहीत आहे. परक्याने आपले घर पिवळे केले, याची चीड फार सोपी असते. मी ती आठवडाभर चवीने बाळगली. मनातल्या मनात त्या दिग्दर्शकाला सोलून काढले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. पण त्याच्या माणसांनी तसबीर उतरवायला सांगितली ती चार दिवसांसाठी. मी अख्खे घर एका वाक्यात उतरवले, आणि मला तर कुणी सांगितलेही नव्हते. तिरस्काराची वाटणी न्याय्य करायची, तर मोठा हिस्सा माझ्याकडे येत होता.

कार्ड कुरियरने आले. कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचा एकसारखा पट्टा ओढलेला, मागे जुळवणाऱ्याची सही, तारीख, आणि खाली एक ओळ: 'दोन दिवस वाळवले आहे.' मी ते प्रयोगशाळेत नेले आणि यंत्र तयार केले.

"कुठल्या क्लायंटचं गं?" सानिकाने विचारले.

"आमच्या भिंतीचं. त्या सिनेमातल्या. ते घर माझं आहे."

ती माझ्याकडे वळली. "पण तू तर म्हणालीस, शहरात..."

"खोटं बोलले."

"शी! सॉरी यार. मला माहीत असतं ना, तर मी असं बोललेच नसते."

"मग काय बोलली असतीस? भारी आहे तुमची म्हैस?"

ती हसली, मग ओशाळली, मग खुर्ची ओढून जवळ बसली. "मग खरं कसं आहे, ते सांग."

मी सांगितले. कपाट, फ्रिज, तसबीर, चहाचे पाणी, आईचे गुडघे. मध्येच माझ्या तोंडून 'सांगायले' निघून गेले. मी ते दुरुस्त केले नाही. पूर्वी मला वाटे, परत जाता येते ती जागा म्हणजे घर. आता माझी व्याख्या अधिक कडक आहे: जिच्याबद्दल विचारले असता खरे उत्तर द्यावे लागते, ती.

या यंत्राच्या एका मोजपट्टीवर अधिक आकडा म्हणजे पिवळा, उणे आकडा म्हणजे निळा. कार्ड तीन जागी मोजले. सानिकाने नोंदवही पुढे ओढली.

"नमुन्याच्या रकान्यात काय लिहू?"

"आमचं घर, जालना."

तिने लिहिले. मी तिन्हींची सरासरी काढली आणि तिच्या अक्षरापुढे माझ्या हाताने आकडा भरला: उणे अकरा पूर्णांक चार.